घर विकून देणाऱ्याच्या हाती आता दोन कागद हवेत
नोंदणी क्रमांक असूनही दलालीचा धंदा थांबतो कसा, आणि पुन्हा सुरू करायचा कसा

मुंब्र्याच्या कौसा भागात हार्डवेअरचे दुकान चालविणारे माझे एक परिचित आहेत. नळ, बिजागऱ्या, रंगाचे डबे विकता विकता त्यांची ओळख बिल्डरांशीही आणि नवीन घर शोधणाऱ्या गिऱ्हाइकांशीही होत गेली. वर्षाकाठी चार-पाच घरे त्यांच्या शब्दावर विकली जात आणि त्यावर दलाली मिळे. २०१७ साली कायदा आला तेव्हा ते मागे राहिले नाहीत. दहा हजार रुपये भरले, महारेराचा क्रमांक घेतला. २०२२ मध्ये पाच वर्षे संपताच तो नवा करून घेतला. त्यामुळे २०२७ पर्यंत आपण निर्धास्त आहोत असे त्यांना वाटत होते.

२०२४ च्या सुरुवातीला त्यांनी एक घर विकून दिले आणि दलालीचे बिल घेऊन बिल्डरच्या कचेरीत गेले. तेथील मुनीमाने संगणकात क्रमांक टाकून पाहिला आणि बिल परत केले. नोंदणी स्थगित आहे, असे त्याने सांगितले. ते रागारागाने माझ्याकडे आले. “पैसे भरले, मुदत शिल्लक आहे, मग नंबर बंद कसा?” हा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. १ जानेवारी २०२४ नंतर महाराष्ट्रातील सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी अशीच स्थगित झाली. त्यातील किती जण नियम मोडणारे होते आणि किती जणांनी संकेतस्थळावरील आदेश वाचलेच नव्हते, हे सांगणे कठीण आहे. परंतु आपल्या वस्त्यांत दुसऱ्या प्रकारचे लोक अधिक असावेत, असे मला वाटते. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे जरूर आहे.

एजंट कोणाला म्हणायचे?

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला रेरा कायदा, संसदेने २०१६ साली केला. त्याची काही कलमे १ मे २०१६ पासून आणि उरलेली १ मे २०१७ पासून अंमलात आली. राज्याराज्यांनी आपापली प्राधिकरणे नेमली. आपल्याकडे ते महारेरा.

त्यापूर्वी महाराष्ट्रात घर विकणाऱ्या बिल्डरला १९६३ चा मोफा कायदा लागू होता, पण मध्यस्थाला कोणी विचारत नसे. पानाच्या टपरीवर बसून सौदे करणारा आणि काचेच्या कचेरीत बसणारा, दोघेही सारखेच दलाल होते. परवाना कोणालाच लागत नव्हता. नव्या कायद्याने ही स्थिती बदलली.

कायद्यातील एजंटाची व्याख्या आपल्या बांधवांनी नीट ऐकावी. प्रकल्पातील घर किंवा भूखंड यांच्या विक्रीत एकाच्या वतीने दुसऱ्याशी बोलणी करून मोबदला घेणारा तो एजंट. एवढ्यावर व्याख्या थांबत नाही. घेणारा व विकणारा यांची कोणत्याही माध्यमातून गाठ घालून देणाराही तीत येतो. नाव दलाल असो, मध्यस्थ असो की आणखी काही, फरक पडत नाही. तेव्हा टाइल्स बसविणारा मिस्त्री, फर्निचर करणारा सुतार किंवा वायरमन जेव्हा म्हणतो, “शेट, या इमारतीत माझ्या ओळखीचे दोन फ्लॅट आहेत, चला दाखवतो,” आणि नंतर बिल्डरकडून पाकीट घेतो, तेव्हा कायद्याच्या नजरेत तोही एजंटच ठरतो. व्हॉट्सॲपवर प्लॅन पाठवून गिऱ्हाईक जोडणाऱ्यालाही सूट नाही.

मात्र भाड्याचे व्यवहार या व्याख्येत येत नाहीत. तेथे विक्री नसते. केवळ भाड्याने खोल्या लावून देणाऱ्याने या क्रमांकासाठी धावाधाव करण्याचे कारण नाही. त्याने लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत होतो की नाही, एवढे पाहावे. भाडे नियंत्रण कायद्याने तो नोंदविणे बंधनकारक आहे व जबाबदारी घरमालकावर आहे.

बिनक्रमांकाने काम करणाऱ्यास काय होते, याचा हिशेब मांडू. नोंदणी न करता नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकून दिले, तर कलम ६२ नुसार दररोज दहा हजार रुपये दंड, आणि तो त्या घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. समजा घर चाळीस लाखांचे आहे. दोन टक्क्यांनी दलाली होते ऐंशी हजार. पाच टक्क्यांनी दंड होतो दोन लाख. वीस दिवसांत दंड त्या मर्यादेला जाऊन भिडतो. शिवाय दलाली बुडविली म्हणून दाद मागायची तर कोणाच्या दारात जाणार? जे काम नोंदणीवाचून करण्यास कायद्यानेच मनाई आहे, त्याचा मोबदला मागायला जाणे म्हणजे आपल्याच विरुद्ध साक्ष देणे होय. बिल्डरलाही हे चांगले ठाऊक असते.

पहिला कागद : नोंदणी

नोंदणीचा अर्ज महारेराच्या संकेतस्थळावर करावयाचा असतो. एकट्या व्यक्तीसाठी शुल्क दहा हजार रुपये आहे. भागीदारी, कंपनी किंवा अन्य संस्था असेल तर एक लाख. पॅन, छायाचित्र, पत्त्याचा पुरावा, मागील तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे (विवरणपत्र भरावे लागत नसेल तर तसे घोषणापत्र), तसेच लेटरहेड, रबरी शिक्का व पावत्या यांचे नमुने जोडावे लागतात. नोंदणी पाच वर्षे चालते आणि संपूर्ण राज्यासाठी असते. मुंब्र्याचा एजंट मालेगावचे किंवा पुण्याच्या कोंढव्याचे घर विकून देऊ शकतो. त्याला निराळा क्रमांक लागत नाही.

एजंटाचा क्रमांक ‘ए’ या अक्षराने सुरू होतो आणि प्रकल्पाचा ‘पी’ने. काही बांधव आपल्या कार्डावर प्रकल्पाचाच क्रमांक छापून मोकळे होतात. दोन्ही क्रमांकांची गल्लत करू नये. प्रत्येक विक्रीच्या कागदावर आपला स्वतःचा क्रमांक लिहिणे कायद्याने आवश्यक आहे.

एक लाखाचा आकडा ऐकून दोन भाऊ किंवा मामा-भाचे मिळून धंदा करणारे म्हणतात, आपण प्रत्येकी दहा हजारांचा क्रमांक घेऊ, वीस हजारांत काम झाले. हिशेब चुकीचा नाही. लहान धंद्याला मी स्वतः हाच सल्ला देतो. परंतु मग बिल, बँक खाते आणि पावती ज्याच्या नावे क्रमांक आहे त्याच्याच नावे असली पाहिजे. दुकानाच्या पाटीवर भागीदारीचे नाव, बिल भागीदारीचे आणि क्रमांक मात्र एका भावाचा, असा कारभार असेल तर पहिल्याच तक्रारीत तो उघडा पडतो. ज्यांच्याकडे चार-सहा माणसे कामाला आहेत, मोठ्या बिल्डरांशी लेखी करार होतात आणि धंदा पुढे मुलांच्या हाती द्यावयाचा आहे, त्यांनी मात्र एक लाख भरून संस्थेच्या नावे नोंदणी करणे सोयीचे. व्यक्तीचा क्रमांक व्यक्तीबरोबर जातो. बाप वारला तर मुलाला तो वारशाने मिळत नाही.

दुसरा कागद : सक्षमता प्रमाणपत्र

आता माझ्या परिचितांच्या प्रश्नाकडे येऊ. अजोय मेहता हे महारेराचे अध्यक्ष असताना, १० जानेवारी २०२३ रोजी प्राधिकरणाने एक आदेश काढला. नुसती नोंदणी पुरेशी नाही, एजंटाने प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी आणि सक्षमता प्रमाणपत्र मिळवावे, असा त्याचा आशय होता. नव्याने नोंदणी करणाऱ्यांना ही अट १ मे २०२३ पासून लागू झाली. आधीच नोंदणी असलेल्यांना १ सप्टेंबर २०२३ ची मुदत होती. ती वाढवून १ जानेवारी २०२४ करण्यात आली. त्या तारखेपर्यंत ज्यांनी प्रमाणपत्र आपल्या खात्यात चढविले नाही, त्यांची नोंदणी, मुदत शिल्लक असूनही, स्थगित झाली. प्रमाणपत्र आणून चढविण्यासाठी त्यांना एक वर्ष देण्यात आले आणि त्यानंतर नोंदणी रद्द, असे सांगण्यात आले.

शुल्क भरून घेतलेला परवाना मध्येच अशा अटीने अडवावा काय, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. माझ्या परिचितांनी तो माझ्याशी अर्धा तास वाद घालून मांडला. पण मोटार चालविण्याचा परवाना हातात असला म्हणून रस्त्याचे नवे नियम आपल्याला लागू नाहीत, असे कोणी म्हणत नाही. नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते, पण नोंदणी टिकण्याच्या अटी त्या पाच वर्षांत बदलू शकतात. एजंटांच्या बाबतीत हेच घडले, आणि पुढेही घडू शकते.

परीक्षेचे नाव काढताच आपल्याकडील पन्नाशीच्या माणसाला घाम फुटतो. दलालीच्या धंद्यात शाळा अर्ध्यावर सोडलेले कित्येक आहेत, त्यांना तर ही अट आपल्याला धंद्यातून उठविण्यासाठीच आणली असे वाटले. तसे नाही. प्रशिक्षण वीस तासांचे आहे. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था, तसेच बिल्डरांच्या क्रेडाई, नरेडको यांसारख्या संघटना ते देतात. परीक्षा बँकांच्या नोकरभरतीच्या परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था संगणकावर घेते. दिलेल्या उत्तरांतून योग्य ते निवडावयाचे असते, निबंध लिहावयाचा नसतो. २० मे २०२३ रोजी पहिली परीक्षा झाली. तीत ४२३ जण बसले आणि ४०५ उत्तीर्ण झाले, म्हणजे शंभरात शहाण्णव. हे आकडे पाहून तरी भीती जावी. खरी अडचण बहुतेकांना उंदीर फिरवून खूण करण्याची असते. घरातल्या शाळकरी मुलाकडून दोन संध्याकाळी ते शिकून घ्यावे, लाज बाळगू नये.

प्रशिक्षणात जे शिकवितात ते कामाचे आहे. चटई क्षेत्र म्हणजे भिंतींच्या आतील वापरण्याजोगी जागा, आणि घर त्याच मापाने विकले पाहिजे. नोंदणीकृत विक्री करार होण्याआधी बिल्डरने किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता कामा नये. घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. गिऱ्हाइकाने यांपैकी एक प्रश्न विचारला आणि आपण डोके खाजवीत बसलो, तर ते दुसऱ्याकडे जाणारच.

ही अट केवळ मालकापुरती नाही. एजंटाच्या कचेरीत गिऱ्हाइकांशी बोलणारी जी माणसे आहेत, त्यांनीही प्रमाणपत्र घ्यावयाचे आहे. बिल्डरने आपल्या प्रकल्पाच्या यादीत प्रमाणपत्र असलेल्या एजंटांचीच नावे ठेवावयाची आहेत. त्या मुनीमाने क्रमांक तपासून बिल परत का केले, याचे उत्तर येथे आहे. त्याने आकसाने तसे केले नव्हते. स्थगित एजंटाला दलाली दिली असती तर जाब त्याच्या मालकाला द्यावा लागला असता.

क्रमांकावर डोळे मिटून विसंबू नये

एवढे सगळे केले तरी एक धोका उरतोच. कल्याण-डोंबिवलीत पासष्ट इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे क्रमांक मिळविले होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश झाला. तेथे आयुष्याची पुंजी घालून राहायला आलेल्या कुटुंबांचे हाल सर्वांनी वर्तमानपत्रांतून वाचले. त्यातील घरेही कोणीतरी दाखविली होती, कोणीतरी “रेरा नंबर आहे, बिनधास्त घ्या” असे सांगितले होते.

म्हणून एजंटाने क्रमांक पाहून थांबू नये. प्रकल्पाच्या पानावर चढविलेले बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र उघडून पाहावे, त्यावरील तारीख व क्रमांक टिपून घ्यावा आणि महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ताडून घ्यावा. एक सकाळ मोडते, रिक्षाचे भाडे जाते. मुंब्रा, दिवा, भिवंडी यांसारख्या भागांत तर हे टाळूच नये. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ येथे कोसळलेल्या बेकायदा इमारतीत ७४ जीव गेले, ते आपल्या लोकांना सांगावयास नको.

पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन नाही किंवा आठांपेक्षा जास्त घरे नाहीत, अशा लहान प्रकल्पांना नोंदणी लागत नाही. याचा फायदा घेऊन काही जण मोठी इमारत कागदावर तुकड्यातुकड्यांत दाखवितात. नोंदणी लागत असूनही न केलेल्या प्रकल्पातील घर विकून देणे हा एजंटाचाही गुन्हा आहे, केवळ बिल्डरचा नव्हे. त्यालाही वर सांगितलेलाच दंड आहे. तेव्हा “बिल्डरने मला सांगितले नाही” ही सबब कामी येत नाही.

पैशांची बाजू

टोकन म्हणून रोख रक्कम स्वतःच्या हातात घेण्याची सवय सोडून द्यावी. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई आहे. गिऱ्हाइकाचा धनादेश थेट बिल्डरच्या नावे द्यावा आणि आपण मध्ये केवळ पावतीची प्रत ठेवावी. हिशेबाच्या वह्या, कागदपत्रे व नोंदी जपून ठेवणे हे एजंटाचे कर्तव्य कलम १० मध्येच सांगितले आहे.

दलाली देताना बिल्डर त्यातून आयकर कापून ठेवतो. हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून पाच टक्क्यांवरून दोन टक्के झाला आहे. कापलेला कर विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही, आणि आपल्यातील कित्येक जण तो तसाच सोडून देतात. दलालीवर जीएसटी अठरा टक्के आहे. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर त्याची नोंदणी लागत नाही. पण येथे दुकानदार फसतात. उलाढाल मोजताना एकाच पॅनवरील सर्व धंदे एकत्र धरले जातात. हार्डवेअरच्या दुकानाचा जीएसटी क्रमांक आधीच असेल तर दलाली कितीही थोडी असली तरी तीवर कर लावावाच लागतो. दुकान कंपोझिशनमध्ये असेल तर दलाली स्वीकारण्यापूर्वी कर सल्लागाराला अवश्य विचारावे.

आणि दलाली किती, कधी व कशावर मिळणार, हे बिल्डरकडून आधी लेखी घ्यावे. आपल्याकडे शब्दावर धंदा चालतो, याचा आपल्याला अभिमानही आहे. तरी कागदावर दोन ओळी असल्याने कोणाच्या शब्दाची किंमत कमी होत नाही.

कोकणातील आपले अनेक बांधव आखातात नोकरी करतात आणि पनवेल-तळोजाकडे घर घेऊ पाहतात. त्यांना घरे दाखविणाऱ्या एजंटांना महाराष्ट्राचा क्रमांक पुरतो. मात्र गोव्यातील प्रकल्प विकावयाचा तर तेथील प्राधिकरणाची स्वतंत्र नोंदणी लागते, महारेराची तेथे चालत नाही.

ज्यांनी २०१७ मध्ये क्रमांक घेऊन २०२२ मध्ये तो नवा केला, त्यांची दुसरी मुदत २०२७ मध्ये संपते. त्यांनी आजच संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात : मुदतीची अचूक तारीख, सक्षमता प्रमाणपत्र चढले आहे की नाही, आणि तेथे दिलेला भ्रमणध्वनी व ईमेल अजून आपलाच आहे की नाही. माझ्या परिचितांच्या बाबतीत घोटाळा तेथेच झाला होता. अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याने स्वतःचा ईमेल टाकला होता. महारेराचे सर्व निरोप त्याच्याकडे जात राहिले, आणि ते दुकान तर केव्हाच बंद पडले होते.

त्यांनी पुढे प्रशिक्षण घेतले, परीक्षा दिली आणि पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाले. नोंदणी पुन्हा चालू झाली. त्या एका घराची दलाली मात्र मिळाली नाही, कारण व्यवहार स्थगितीच्या काळातला होता. आता त्यांचा थोरला मुलगा परीक्षेला बसणार आहे, दुकानात गिऱ्हाइकांशी तोच अधिक बोलतो म्हणून.